सीएमडीबी पहिल्यांदा उभा करताना

‘हा सर्व्हर बंद केला तर कुणाचं काय अडेल?’ हा प्रश्न आला की बहुतेक आयटी विभागांत एकाच माणसाकडे नजरा वळतात. तो रजेवर असेल तर काम पुढच्या आठवड्यावर जातं. सीएमडीबी, म्हणजे कॉन्फिगरेशन मॅनेजमेंट डेटाबेस, असतो तो या माणसाच्या डोक्यातली माहिती सगळ्यांना दिसेल अशी मांडून ठेवण्यासाठी. आपल्याकडे कोणते सर्व्हर, डेटाबेस, नेटवर्क उपकरणं, सॉफ्टवेअर आणि सेवा आहेत, त्यांची मांडणी कशी आहे आणि कोण कुणावर अवलंबून आहे, एवढं त्यात असतं. त्यातल्या प्रत्येक नोंदीला कॉन्फिगरेशन आयटम म्हणतात. बोलताना सगळे ‘सीआय’च म्हणतात.

ही संज्ञा रुळली ती आयटीआयएलमुळे. ब्रिटिश सरकारच्या एका संस्थेने १९८० च्या दशकाच्या अखेरीस आयटी सेवा चालवण्याच्या चांगल्या पद्धती एकत्र करायला सुरुवात केली, त्यातून आयटीआयएल आलं. २००७ च्या तिसऱ्या आवृत्तीत तर असं गृहीत धरलं गेलं की एकाच डेटाबेसमध्ये सगळं मावणार नाही, अनेक डेटाबेस मिळून एक व्यवस्था बनेल. नवख्यांनी हा मुद्दा लक्षात ठेवलेला बरा. सगळं एकाच ठिकाणी कोंबायच्या हट्टापायी अनेक सीएमडीबी पहिल्या वर्षातच अडगळ होतात.

आणखी एक गल्लत सुरुवातीलाच दूर करू. असेट रजिस्टर वेगळं आणि सीएमडीबी वेगळा. लॅपटॉप कधी घेतला, केवढ्याला घेतला, वॉरंटी कधी संपते, कुणाच्या ताब्यात आहे, हे असेट रजिस्टरचं काम. तो सर्व्हर कोणती सेवा चालवतो आणि पडला तर काय काय पडतं, हे सीएमडीबीचं. दोन्हींत एकच यंत्र असू शकतं, पण प्रश्न वेगळे असतात. गोदामात खोक्यात पडून असलेला स्विच असेट आहे; तो रॅकमध्ये बसून चालू झाला की सीआय झाला.

पायरी १: आधी प्रश्न लिहून काढा

टूल बघायच्या आधी एक कागद घ्या आणि सीएमडीबीला कोणते प्रश्न विचारणार ते लिहा. पाच ते दहा पुरेत. प्रश्न नेमके हवेत. ‘सगळ्या पायाभूत सुविधांची पूर्ण माहिती’ हा प्रश्न होत नाही. हे होतात:

सेंटओएस ७ या लिनक्स ऑपरेटिंग सिस्टीमचा सपोर्ट ३० जून २०२४ ला संपला. आपल्याकडे ते अजून कुठे चालू आहे आणि त्यावर कोणती सेवा आहे?

कोणती टीएलएस सर्टिफिकेट (वेबसाइटची ओळख पटवून जोडणी सुरक्षित करणारी) पुढच्या महिन्यात संपताहेत आणि ती बदलायची जबाबदारी कुणाची?

हा स्टोरेज दुरुस्तीसाठी दोन तास बंद ठेवला तर कुणाकुणाला कळवायचं?

सर्टिफिकेटचा प्रश्न आता जास्तच टोकदार झाला आहे. सार्वजनिक टीएलएस सर्टिफिकेटची कमाल मुदत सप्टेंबर २०२० पासून ३९८ दिवस होती. सर्टिफिकेट देणाऱ्या संस्था आणि ब्राउझर बनवणाऱ्या कंपन्या यांच्या सीए/ब्राउझर फोरमने ठरवलेल्या वेळापत्रकानुसार ती १५ मार्च २०२६ पासून २०० दिवस, २०२७ मध्ये १०० आणि २०२९ मध्ये ४७ दिवसांवर येते. वर्षातून एकदा कॅलेंडर बघून सर्टिफिकेट बदलणाऱ्यांचे दिवस संपले. कोणतं सर्टिफिकेट कोणत्या लोड बॅलन्सरवर (येणारं काम अनेक सर्व्हरमध्ये वाटणाऱ्या यंत्रणेवर) बसलं आहे, हे शोधण्यात दर वेळी अर्धा दिवस घालवणं परवडणार नाही.

डिसेंबर २०२१ मधलं लॉगफोरजे या जावा लायब्ररीतल्या सुरक्षा दोषाचं प्रकरणही आठवून बघा. दोष जाहीर झाला तेव्हा पॅच लावणं हा भाग नंतरचा होता. बऱ्याच जणांचा पहिला प्रश्न होता, ‘ही लायब्ररी आपल्याकडे आहे तरी कुठे?’ ती जार फाइलच्या (जावा प्रोग्रामच्या पॅकेटच्या) आत दुसऱ्या जार फाइलमध्ये दडलेली असायची, त्यामुळे बसवलेल्या पॅकेजच्या यादीत दिसायचीच नाही. इथे सीएमडीबीची मर्यादाही कळते. एवढ्या खोलवरचा तपशील त्यात ठेवू नये, त्यासाठी सॉफ्टवेअरच्या घटकांच्या वेगळ्या याद्या असतात. पण जावावर चालणारी अ‍ॅप्लिकेशन्स कोणती आणि प्रत्येकाचा मालक कोण, एवढं जरी सीएमडीबीतून निघालं तरी शोध कुठून सुरू करायचा ते पहिल्या तासातच ठरतं.

पायरी २: हद्द आखा, आणि ती लहान ठेवा

लिहिलेल्या प्रश्नांवरून एक सेवा निवडा. जी बंद पडली की फोन वाजायला लागतात, ती. तिच्यापासून खाली उतरत जा: अ‍ॅप्लिकेशन, त्याचा डेटाबेस, त्याखालचे सर्व्हर, व्हर्च्युअल मशीन असतील तर ती ज्यावर चालतात तो होस्ट, स्टोरेज, नेटवर्क. एवढीच पहिली हद्द. ती पक्की झाल्यावर दुसरी सेवा घ्या. सगळं नेटवर्क एकदम स्कॅन करून दहा हजार नोंदी गोळा करता येतात, पण मग एक ना धड भाराभर चिंध्या, अशी गत होते. त्या नोंदींकडे बघणारं कुणी नसतं.

सीआयचे प्रकारही मोजके ठेवा. सुरुवातीला सेवा, अ‍ॅप्लिकेशन, डेटाबेस, सर्व्हर (प्रत्यक्ष आणि व्हर्च्युअल), नेटवर्क उपकरण, स्टोरेज आणि सर्टिफिकेट हे पुष्कळ झाले. माऊस, कीबोर्ड, मॉनिटर नकोत. कुबरनेटीज (कंटेनर चालवणारी यंत्रणा) वापरत असाल तर क्लस्टर आणि डिप्लॉयमेंट ठेवा, पॉड ठेवू नका. काही मिनिटांत जन्मून मरणाऱ्या गोष्टीची नोंद करेपर्यंत ती गेलेली असते.

पायरी ३: नोंदीचा साचा

आता प्रत्येक प्रकारासाठी रकाने ठरवा. एक नियम कडकपणे पाळा: ज्या रकान्याची माहिती कुठून येणार आणि ती कोण ताजी ठेवणार हे सांगता येत नाही, तो रकाना ठेवायचाच नाही. टूल सोबत शेकडो रकाने देतं. ते रिकामे दिसले की भरावेसे वाटतात. तो मोह टाळा.

एका डेटाबेस सर्व्हरची नोंद अशी दिसू शकते:

नाव: पोर्टल-डीबी-०२
प्रकार: व्हर्च्युअल सर्व्हर
वातावरण: प्रॉडक्शन (प्रत्यक्ष वापरातलं)
स्थिती: चालू
ऑपरेटिंग सिस्टीम आणि आवृत्ती: आपोआप, एजंटकडून (यंत्रावर बसवलेला छोटा प्रोग्राम)
सीरियल नंबर किंवा यूयूआयडी (यंत्राची एकमेव ओळख सांगणारा क्रमांक): आपोआप, एजंटकडून
तांत्रिक जबाबदारी: डेटाबेस टीम
सेवेचा मालक: पोर्टल विभाग
शेवटची पडताळणी: तारीख, आपोआप

‘जबाबदारी’च्या रकान्यात टीमचं नाव आहे, माणसाचं नाही, हे पाहिलंत? माणूस नोकरी बदलतो, टीम सहसा राहते. ‘वातावरण’ हा रकाना किरकोळ वाटतो, पण टेस्टचा सर्व्हर समजून प्रॉडक्शनला हात लागू नये म्हणून तोच उपयोगी पडतो. आणि ‘शेवटची पडताळणी’ नसेल तर बाकीच्या रकान्यांवर किती विश्वास ठेवायचा, हे वाचणाऱ्याला कळायला मार्ग नाही.

सीपीयूचा वापर, डिस्क किती भरली, असल्या दर मिनिटाला बदलणाऱ्या गोष्टी मॉनिटरिंगमध्ये राहू द्या. पासवर्ड आणि की तर इथे मुळीच नकोत. सीएमडीबी म्हणजे तुमच्या सगळ्या यंत्रणेचा नकाशा. घुसखोराला याहून सोयीचं दुसरं काही नाही. वाचायचा अधिकार कुणाला आणि लिहायचा कुणाला, हे पहिल्याच दिवशी ठरवा.

पायरी ४: टूल

यावर गरजेपेक्षा जास्त वेळ जातो, म्हणून थोडक्यात. पन्नासेक सीआय असतील आणि माणसं दोन-तीन, तर स्प्रेडशीटवर पहिला महिना काढायला काहीच हरकत नाही. साचा बरोबर आहे का ते त्यातच कळतं. फक्त नाती वाढली की स्प्रेडशीट दमते.

मुक्त स्रोतांत आयटॉप हे सीएमडीबी आणि टिकेट (तक्रारी-मागण्यांच्या नोंदी) दोन्ही समोर ठेवून बनवलेलं आहे. एखादा सीआय पडला तर परिणाम कुठवर जाईल, याची आकृती त्यात काढता येते. जीएलपीआय यादी आणि हेल्पडेस्कसाठी सोपं आहे, दहाव्या आवृत्तीपासून यादी गोळा करण्याची सोय त्यातच आहे. नेटबॉक्स हे डिजिटलओशनमध्ये तयार झालं आणि २०१६ मध्ये सर्वांसाठी खुलं झालं. रॅक, केबल, आयपी पत्ते यांसाठी ते फारच छान. पण त्याची भूमिका वेगळी आहे, ती समजून घ्या: नेटवर्क कसं असायला हवं ते त्यात लिहायचं, आता प्रत्यक्ष कसं आहे ते आपोआप ओतायचं नाही. मोठ्या कंपन्यांत सर्व्हिसनाऊ किंवा बीएमसीची साधनं दिसतात. जिरा आधीपासून असेल तर त्यातलं असेट्स बघा. टिकेट जिथे निघतात त्याच्या जितकं जवळ टूल, तितका त्याचा वापर जास्त, हा माझा एकमेव निकष.

पायरी ५: डिस्कव्हरी

हाताने भरलेली माहिती शिळी होते. म्हणून जे आपोआप मिळतं ते आपोआपच घ्या. यालाच डिस्कव्हरी म्हणतात. दोन रीती आहेत. एकीत प्रत्येक यंत्रावर छोटा एजंट बसवायचा, तो आतून माहिती पाठवतो. दुसरीत एक स्कॅनर बाहेरून लॉगिन करून विचारतो: लिनक्सला एसएसएचने, विंडोजला डब्ल्यूएमआय किंवा विनआरएमने, स्विच-राउटरला एसएनएमपीने. क्लाउडमध्ये यातलं काही करत बसू नका. क्लाउड पुरवणाऱ्याच्या एपीआयला विचारलं की यादी मिळते, आणि ती सहसा स्कॅनपेक्षा जास्त भरवशाची असते.

एजंट लॅपटॉपसाठी बरा, कारण लॅपटॉप स्कॅनच्या वेळी नेटवर्कवर असेलच असं नाही. स्विचवर एजंट बसत नाही, तिथे स्कॅनरच लागतो. म्हणजे शेवटी दोन्ही वापराल.

स्कॅन सुरू करण्यापूर्वी चार कामं उरका. सुरक्षा टीमला वेळ आणि स्कॅनरचा आयपी कळवा, नाहीतर त्यांना तो हल्लाच वाटेल. स्कॅनरच्या खात्याला फक्त वाचण्यापुरते अधिकार द्या. सगळ्या सर्व्हरवर अ‍ॅडमिन असलेलं एक खातं तयार करणं म्हणजे स्वतःहून दार उघडं ठेवणं. एसएनएमपी असेल तर तिसरी आवृत्ती वापरा, कारण दुसऱ्या आवृत्तीचा कम्युनिटी शब्द (पासवर्डसारखाच) नेटवर्कवरून उघडाच जातो, आणि कित्येक उपकरणांवर तो अजून ‘पब्लिक’ असतो. जुने प्रिंटर आणि यंत्रसामग्रीचे कंट्रोलर जोरदार स्कॅनने अडकतात. ते सुरुवातीला वगळा.

पायरी ६: दोन नोंदी एकाच यंत्राच्या तर नाहीत ना?

घोडं खरं इथे पेंड खातं, म्हणून इथे थोडं थांबू. एकच सर्व्हर एजंटलाही दिसतो, स्कॅनरलाही दिसतो, व्हर्च्युअलायझेशनच्या कन्सोललाही दिसतो. तिघांनी आणलेली माहिती एकाच नोंदीत जायला हवी. त्यासाठी हे तिन्ही एकच, असं कोणत्या खुणेवरून म्हणायचं?

नाव? होस्टनेम बदलतं, आणि जुना सर्व्हर काढून त्याच नावाचा नवा लावणं तर नेहमीचंच. आयपी पत्ता? डीएचसीपीवर (पत्ते आपोआप वाटणाऱ्या सेवेवर) तो आज एकाचा, उद्या दुसऱ्याचा. मॅक पत्ता, म्हणजे नेटवर्क कार्डाचा क्रमांक? यूएसबीचा एकच नेटवर्क अ‍ॅडॉप्टर दहा लॅपटॉपला आळीपाळीने लागला की दहा यंत्रं एकत्र गुंफली जातात. शिवाय वायफायवर आता बरीच उपकरणं मॅक पत्ता मुद्दाम बदलत राहतात.

मग सीरियल नंबर घ्यावा म्हणाल. ब्रँडेड सर्व्हरवर तो उत्तम. पण जोडून घेतलेल्या यंत्रांवर कधीकधी बायोसमध्ये सीरियल नंबरच्या जागी ‘टू बी फिल्ड बाय ओईएम’ किंवा ‘डिफॉल्ट स्ट्रिंग’ असंच राहिलेलं असतं. बनवणाऱ्याने जागा भरलीच नाही. असे चाळीस डेस्कटॉप असतील तर टूल इमानेइतबारे त्यांची एकच नोंद करतं आणि प्रत्येक स्कॅनला तिचं नाव बदलत राहतं. एखाद्या नोंदीचं होस्टनेम रोज बदलताना दिसलं, तर आधी तिचा सीरियल नंबर उघडून बघा.

व्हर्च्युअल मशीनचंही असंच. एका तयार इमेजवरून वीस लिनक्स मशीन काढली आणि इमेजमधली मशीन-आयडीची फाइल आधी रिकामी केली नसेल, तर विसांचा मशीन-आयडी एकच. त्या आकड्यावर विसंबलेला एजंट विसांना एक समजतो.

उपाय म्हणजे खुणांचा क्रम लावणं. व्हर्च्युअल मशीनसाठी आधी हायपरव्हायझरने (व्हर्च्युअल मशीन चालवणाऱ्या सॉफ्टवेअरने) दिलेला यूयूआयडी, क्लाउडमध्ये इन्स्टन्स आयडी, प्रत्यक्ष यंत्रासाठी सीरियल नंबर आणि मॉडेल मिळून, आणि हे काहीच नसेल तरच नाव आणि मॅक एकत्र. वर सांगितलेल्या निरर्थक सीरियल नंबरांची एक बाद-यादी करा, म्हणजे टूल ते मोजणारच नाही. जवळपास सगळ्या मोठ्या टूलमध्ये हे नियम लिहायची जागा असते. स्कॅन सुरू करण्यापूर्वी ते लिहा. दोन हजार डुप्लिकेट तयार झाल्यावर ते हाताने जोडायचं काम कुणाच्याही वाट्याला येऊ नये.

याच जागी दुसरा निर्णय घ्या: दोन स्रोत वेगवेगळं सांगत असतील तर कुणाचं मानायचं? आणि हे रकान्यानुसार ठरवायचं. ऑपरेटिंग सिस्टीमची आवृत्ती एजंटची खरी, रॅकमधली जागा डेटा सेंटरच्या माणसाने लिहिलेली खरी, मालक विभाग सेवेच्या यादीतला खरा. हे ठरवलं नाही तर शेवटी लिहिणारा जिंकतो, आणि माणसाने नीट भरलेला रकाना रात्रीचा स्कॅन पुसून टाकतो. एकदा असं झालं की तो माणूस पुन्हा काही भरत नाही.

पायरी ७: नाती

नाती नसलेला सीएमडीबी म्हणजे नुसती यादी. पण नात्यांचे प्रकारही मोजकेच असू द्या: ‘च्यावर चालतो’, ‘च्यावर अवलंबून आहे’, ‘ला जोडलेला आहे’, ‘चा भाग आहे’. ‘शी संबंधित आहे’ हा प्रकार काढून टाका. तो असला की सगळे आळसाने तोच निवडतात, आणि त्यावरून परिणाम काढता येत नाही. दिशाही महत्त्वाची. पोर्टल डेटाबेसवर अवलंबून आहे. डेटाबेस पडला तर पोर्टल पडतं, पोर्टल पडलं म्हणून डेटाबेस पडत नाही. बाण उलटा पडला तर अहवाल उलटा येतो.

एक उदाहरण पूर्ण चालून बघू. ग्राहक पोर्टल ही सेवा. ती पोर्टल अ‍ॅपवर अवलंबून. अ‍ॅप दोन वेब सर्व्हरवर चालतं, वेब-०१ आणि वेब-०२, पुढे लोड बॅलन्सर. एक पडला तर दुसरा आहे म्हणून सगळे निश्चिंत. आता एक पायरी खाली उतरा: वेब-०१ कोणत्या होस्टवर? होस्ट-०७. वेब-०२? तोही होस्ट-०७. कधीतरी देखभालीच्या वेळी हलवला, परत आणायचा राहून गेला. लोड बॅलन्सरच्या पडद्यावर दोन्ही हिरवे दिसतात, मॉनिटरिंगही तक्रार करत नाही. दोघांचा आधार एकच आहे हे नात्यांच्या आकृतीतच दिसतं. पहिली सेवा भरून झाली की असं काहीतरी शोधा. वरिष्ठांना सीएमडीबीचं महत्त्व पटवायला भाषणापेक्षा ते जास्त कामाला येतं.

‘च्यावर चालतो’ हे नातं डिस्कव्हरी आपोआप आणते. ‘च्यावर अवलंबून’ मात्र अवघड. सर्व्हरमधून कुठे कुठे नेटवर्क जोडण्या जातात ते बघून टूल अंदाज बांधतं, पण महिनाअखेरीच्या बॅचची जोडणी महिन्यातून एकदाच उघडते. आठवडाभराच्या निरीक्षणात ती दिसणारच नाही. किमान एक पूर्ण महिनाअखेर पार होऊ द्या, आणि मग ती आकृती घेऊन अ‍ॅप सांभाळणाऱ्या टीमसमोर बसा. ‘यात काय चुकलंय?’ एवढंच विचारा. कोऱ्या फॉर्मपेक्षा चुकीची आकृती समोर असली की लोक भराभर बोलतात.

डीएनएस, वेळेचा सर्व्हर, अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरी, बॅकअप यांना सगळ्यांशी जोडत बसू नका. ते सगळ्यांनाच लागतात. प्रत्येकापासून त्यांच्याकडे बाण काढले की आकृतीचं जाळं होतं आणि त्यात काही वाचता येत नाही. त्यांना ‘सामायिक सेवा’ असं वेगळं नाव देऊन बाजूला ठेवा.

पायरी ८: चेंज आणि टिकेटला बांधा

सीएमडीबी जिवंत राहतो तो वापरल्यामुळे. चेंजच्या, म्हणजे यंत्रणेत बदल करण्याच्या, अर्जात ‘कोणता सीआय’ हा रकाना सक्तीचा करा, आणि तो सूचीतूनच निवडायचा, हाताने टाइप करायचा नाही. सीआय सूचीत नसेल तर चेंज पुढे जाणार नाही. पहिले दोन आठवडे कुरकुर होईल, नंतर मंडळी नवा सर्व्हर लावतानाच नोंद करून टाकतात. इन्सिडंटच्या (बिघाडाच्या) टिकेटलाही सीआय जोडा, मग गेल्या आठवड्यात या सर्व्हरवर काय बदललं होतं ते त्याच पानावर दिसतं. रात्री दोनला फोन आलेल्या माणसाला एवढी मदत खूप झाली.

चेंज बंद करतानाही एक प्रश्न हवा: नोंद बदलली का? अर्ज मंजूर न होता काही बदललेलं डिस्कव्हरीत सापडलं, तर त्याचं आपोआप टिकेट निघू द्या. सुरुवातीला असली टिकेट खूप येतील. आधी फक्त प्रॉडक्शनसाठीच ती चालू करा.

पायरी ९: पडताळणी

दर महिन्याला वीस नोंदी चिठ्ठ्या काढल्यासारख्या कशाही निवडा आणि प्रत्यक्षाशी ताडून बघा. मग उलट बाजूने: रॅकसमोर किंवा क्लाउडच्या कन्सोलसमोर उभं राहून वीस यंत्रं निवडा आणि ती सीएमडीबीत आहेत का बघा. पहिल्या तपासणीत खोट्या नोंदी सापडतात, दुसरीत राहून गेलेल्या. फक्त पहिलीच करणारे बरेच असतात, त्यामुळे डिस्कव्हरी ज्या नेटवर्कपर्यंत पोहोचतच नाही ते कायम अंधारात राहतं.

किती वेळा शोधायचं याला एक मापही आहे. अमेरिकेच्या सायबर सुरक्षा संस्थेने, सिसाने, ऑक्टोबर २०२२ मध्ये तिथल्या केंद्रीय नागरी खात्यांना दर ७ दिवसांनी आपोआप यंत्रशोध करायला सांगितलं. तुमच्यावर तो नियम लागू नसेल, तरी आठवड्याचा ठोका धरायला चांगला आहे. प्रॉडक्शनला रोज.

तीसेक दिवस कुठल्याच स्रोताला न दिसलेले सीआय वेगळे काढा आणि त्यांच्या मालक टीमला विचारा. यंत्र खरोखर काढून टाकलं असेल तर नोंद पुसू नका. स्थिती ‘निवृत्त’ करा आणि निवृत्तीची तारीख टाका. जुन्या टिकेटचे आणि चेंजचे धागे त्या नोंदीला बांधलेले असतात, शिवाय वर्षाने ऑडिटर विचारणारच की त्या सर्व्हरच्या डिस्कचं काय झालं. निवृत्त करताना त्याचं डीएनएसमधलं नाव, फायरवॉलचे नियम, मॉनिटरिंग, बॅकअपचं काम आणि लायसन्स हे पाचही काढलेत का, याची यादी त्याच अर्जात ठेवा. फायरवॉलचा नियम सगळ्यात जास्त वेळा राहून जातो, आणि पुढे तोच आयपी दुसऱ्या यंत्राला मिळाला की जुना उघडा रस्ता त्याला आयता मिळतो.